थंडी गुडघ्यालेच काऊन लागते

प्रवासाविषयी लिहिण्याचा अधिकार ज्यांना असतो, त्यांच्यात माझी गणना होत नाही, हे मी आरंभीच मान्य करते. मी हिमालय पाहिलेला नाही, समुद्र ओलांडलेला नाही, आणि साताऱ्याबाहेर सलग दहा दिवस राहण्याचे प्रसंगही माझ्या आयुष्यात मोजकेच आले. बी.ए.ला मी संस्कृत घेतले होते. परंतु शाळेत जागा रिकामी होती ती शिवणशिक्षिकेची, म्हणून एकतीस वर्षे मुलींना काजे करायला आणि चुकलेली शिवण न रडता उसवायला शिकवले. दुसऱ्यांच्या पुस्तकांत मी आनंदाने राहिले. स्वतः चार ओळी लिहाव्यात असे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी वाटावे, यात धार्ष्ट्य आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पण आदिलाबादहून परतल्यापासून माझ्यापुढे एक प्रश्न पडलेला आहे आणि तो मला एकटीला सुटत नाही. तो मी शेवटी विचारीन. तोपर्यंत मध्ये जे येईल ते वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आदिलाबादचे बसस्थानक

माझी भाची सुमन, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, तामसीला दिलेली आहे. तामसी हे आदिलाबाद जिल्ह्यातले शेतकऱ्यांचे गाव. लग्नानंतर तिच्याकडे एकदाही जाणे झाले नव्हते. "आत्या, तू नुसती पत्रं पाठवतेस, एकदा स्वतःला पाठव," असे तिने लिहिले, तेव्हा पौषात मी निघाले.

पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि आंध्र प्रदेश सुरू होतो, असे नकाशा सांगतो. बसच्या खिडकीतून मात्र तसे काही दिसत नाही. तीच काळी माती, तोच बोंडे फुटलेला कापूस, तीच शेंगांनी वाकलेली तूर. फक्त दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे एकाएकी गोल होतात. ती तेलुगू अक्षरे मला कोणीतरी साखळी टाक्याने भरल्यासारखी वाटली, आणि वाचता येत नसूनही मी ती कौतुकाने पाहत राहिले.

स्थानकावर मला घ्यायला सुमनचे यजमान गजाननराव आले होते. तामसीजवळच्या मळ्यात ते भाजी पिकवतात आणि रोज सकाळी ती आदिलाबादच्या बाजारात आणून विकतात. सोबत त्यांची दोन्ही मुले होती: नऊ वर्षांची प्रणिता आणि पाच वर्षांचा बंटी. दोघेही आदिलाबादच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत जातात आणि नुकतीच शाळा सुटलेली होती.

"थकल्या असान, आत्याबाई," गजाननराव वाकून नमस्कार करीत म्हणाले. "बसा."

"कशावर?"

"गाडीवर. अन् कशावर?"

मी त्यांच्या मागे रिक्षा शोधली. मागे रिक्षा नव्हती, मोटारसायकल होती. माझी पिशवी पेट्रोलच्या टाकीवर ठेवण्यात आली, पिशवीवर बंटीला ठेवण्यात आले, त्यामागे गजाननराव, त्यांच्यामागे प्रणिता आणि उरलेल्या वीतभर जागेवर मी. बंटीच्या अंगात अर्धी चड्डी आणि एक बटण तुटलेला शर्ट. प्रणिताच्या अंगात शाळेचा फ्रॉक, पायांत स्लिपर. हेल्मेट होते, पण ते हँडलला उलटे टांगलेले होते आणि त्यात वांगी भरलेली होती.

"हे डोक्यात घालीत नाही का?" असे विचारण्यासाठी मी तोंड उघडले. परंतु नव्या जावयाला पहिल्याच भेटीत प्रश्न विचारणे मला जमण्यासारखे नव्हते. (जावई दहा वर्षांचा जुना होता, पण मला नवाच.) म्हणून मी विचारले, "वांगी कोणती?"

"काटेरी. भरताची," ते आनंदाने म्हणाले.

"आजी, मले धरू नका," प्रणिताने मागे वळून सूचना दिली. "सीटले धरा. मले गुदगुल्या होतात."

आम्ही निघालो. ओळखीचा कोणी दिसला की गजाननराव एक हात उंचावून त्याला हाक देत, आणि त्या रस्त्यावर त्यांना अनोळखी कोणीच नव्हते. कापसाने खचाखच भरलेला ट्रक शेजारून गेला, त्यातून पुंजके उडाले, तेव्हा बंटीने ते झेलण्यासाठी दोन्ही हात सोडले. मी डोळे मिटले. साताऱ्यातही स्कूटरच्या पुढच्या फळीवर मुले उभी असतात, हे मी रोज पाहते. परंतु जे रोज पाहिले त्याच्यावर बसण्याचा प्रसंग मला कधी आला नव्हता.

तामसी

घरी सुमनने आणि तिच्या सासूबाईंनी माझे जे स्वागत केले, त्याने वाटेतली भीती बरीचशी ओसरली. सासूबाईंचे नाव रुखमाबाई. विहिणीला तिकडे 'ईनबाई' म्हणतात, आणि त्या मला हाक मारीत तेव्हा त्या एका शब्दात पाट, पाणी आणि प्रेम एकदमच पुढे येई. हेल्मेटमधून उतरलेली वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजली गेली. तुरीच्या ओल्या दाण्यांना ते सोले म्हणतात. सोल्यांची आमटी, ते भरीत आणि ज्वारीची ऊन भाकरी असा बेत होता. आमच्याकडे भरितात दही घालतात, असे मी सांगितले, तर रुखमाबाईंनी मला सहानुभूतीने आणखी भरीत वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना निघताना पाहिले. धुके होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती; तो जिल्हा उन्हाळ्यात भाजतो म्हणे, पण पौषात साताऱ्याला लाजवील इतका गारठतो. गाडीच्या मागे भाजीचे पोते बांधलेले, पोत्याला टेकून प्रणिता, पुढे टाकीवर बंटी. बंटीच्या कानांभोवती एक रुमाल गुंडाळला होता. दोघांच्या अंगावर प्रवासाची म्हणावी अशी तेवढीच वस्तू होती.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मुख्याध्यापकांपुढे मी जे धैर्य कधी केले नाही, ते मी तिथे केले. म्हणाले, "गजाननराव, मुले पडली तर..."

रुखमाबाईंचा हात वर झाला. सुमनने ओठ चावला.

"ईनबाई," रुखमाबाई हळूच, पण ठामपणे म्हणाल्या, "निघत्या पायाले पडाचं नाव घेऊ नाई. उंबरठ्यावर तर नाईच नाई. उतर रे गजानना."

गजाननराव मुकाट्याने उतरले. मुलेही उतरली. सर्वांनी पाय धुतले, घोटभर पाणी प्यायले, थोडा वेळ बसले आणि मग नव्याने निघाले. या विधीत शाळेची प्रार्थना बुडाली आणि प्रणिताला पहिला तास वर्गाबाहेर उभे राहावे लागले, हे मला संध्याकाळी कळले. तिने तक्रार केली नाही. मला मात्र जेवण गेले नाही.

आमच्याकडेही कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तेव्हा या रीतीला नावे ठेवण्याचा मला हक्क नाही. परंतु अडचण अशी होती की त्या घरातून दिवसभर कोणी ना कोणी निघतच असे. कोणी मळ्यात, कोणी बाजारात, कोणी शाळेत. त्यामुळे पडण्याचा विषय काढायला मोकळी अशी वेळच त्या घरात नव्हती.

त्याच संध्याकाळी अंगणात प्रणिताचे पाय धुताना तिच्या उजव्या गुडघ्यावर मला एक रुपयाएवढा गुळगुळीत, पांढुरका व्रण दिसला.

"हे कशाने झाले गं?"

तिने आधी घराकडे पाहिले. "बैलगाडी आडवी आली होती. मंग आमी रेतीत गेलो."

"आईला सांगितलेस?"

"पायरीवरून घसरली म्हणून सांगतलं. बाबाबी काई बोलले नाई." मग माझ्या कानाशी येऊन, "घरच्या आजीले समजलं का ते गाडीवर जाऊ देत नाई. बसनं जा म्हणते. अन् बस पहिला तास झाल्यावर येते. गेल्या वर्षी तिले असंच एकडाव समजलं होतं, तवा माही वर्षाची अर्धी शाळा बाहीर उभी राहून गेली. तुमी सांगू नका, हं?"

मी मान हलवली. वाचकांनी माझी अडचण ध्यानात घ्यावी. बोलावे, तर मुलीची शाळा जाते. न बोलावे, तर मुलगी रोज उघड्या गुडघ्यांनी त्याच रेतीवरून जाते. मी न बोलण्यात वाकबगार आहे. परंतु या वेळी नुसते न बोलून भागणार नव्हते. काहीतरी करणे भाग होते, आणि करायला मला एकच गोष्ट येते.

रात्रीच्या जेवणात मी म्हणाले, "सुमन, इथे थंडी फार आहे. मुलांना मी जाड कपडे शिवू का?"

"हो बाप्पा, शिवा," रुखमाबाई सुमनच्या आधी म्हणाल्या. "लेकराइचे हाडं गार पडतात गाडीवर."

बाजार

आदिलाबादच्या बाजारात सुमनबरोबर गेले. तिथे एकाच दुकानात चार भाषा ऐकू येतात. गिऱ्हाईक तेलुगूत विचारते, दुकानदार मराठीत आत ओरडतो, हिशेब हिंदीत होतो आणि मापे अजून निजामाच्या अमदानीतले उर्दू शब्द बाळगून आहेत. मी जाड जीनचे कापड घेतले आणि अस्तराला मांजरपाट.

एका दुकानात हेल्मेटे टांगलेली दिसली, म्हणून धीर करून आत गेले आणि लहान मुलांचे मागितले. दुकानदाराने मला, मग सुमनला, मग पुन्हा मला पाहिले. "बच्चों का नहीं आता, अम्मा," तो म्हणाला. "बच्चों का सिर बढ़ता रहता ना." जणू वाढणाऱ्या डोक्याला टेंगूळ येत नाही. पण हे मला दुकानाबाहेर आल्यावर सुचले.

मग पिंजाऱ्याकडे गेलो. कापसाच्या मुलखातला पिंजारी. त्याच्या भुवया, दाढी आणि दुकान एकाच रंगाचे होते. त्याने धनुकलीवर कापूस पिंजून समोर ढग उभा केला.

"क्या बनारैं अम्मा? रजई?"

"बच्चोंके कपडे," मी माझ्या हिंदीत म्हणाले. "घुटनेमें, कोपरमें, और... बैठनेके जगह."

तो थांबला. "घुटने में कपास? तीस साल से पींजरौं, पहली बार सुना." थोडा विचार करून म्हणाला, "बच्चे गिरते क्या?"

"ठंडी है," मी घाईने म्हणाले.

"हां, ठंडी है," तो म्हणाला आणि न मागता मूठभर कापूस जास्त घातला.

पुढचे दोन दिवस मी सुमनच्या मशीनवर बसले. दोन पदरांच्या मध्ये कापूस, वर चौकटी चौकटीची दाट शिवण, म्हणजे कापूस एका जागी गोळा होत नाही. गुडघा, कोपर, खांदा, कंबर आणि पाठीचा कणा येथे थर दुप्पट. डोक्यासाठी बारशाच्या कुंचीचा बेत घेतला, मानेवर पदर सोडलेला, आत कापूस ठासलेला. ते हेल्मेट नव्हे, हे मला ठाऊक होते. कापूस कापसाइतकेच काम करतो. पण हातात तेवढेच होते.

प्रणिता शाळेतून आली की मशीनजवळ बसून सुयांत दोरा ओवून देई. दुसऱ्या दिवशी ती बराच वेळ विजार उलटीसुलटी करून पाहत होती.

"आजी," ती म्हणाली, "थंडी गुडघ्यालेच काऊन लागते?" काऊन म्हणजे का, हे मला एव्हाना कळू लागले होते.

मी दोरा दातांनी तोडला. "कोपरालाही लागते."

"अन् बुडाले?"

"हो. तिथेही."

"पोटाले नाई लागत?"

"पोटाला कमी लागते."

तिने विजार मांडीवर पसरली आणि उजव्या गुडघ्यावर बोट ठेवले. "मग इथं अजून एक थर टाका," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "माही थंडी याच गुडघ्याले जास्त लागते."

मी आणखी एक थर टाकला.

कापसाच्या गाठी

कपडे घातल्यावर मुले कापसाच्या दोन गाठींसारखी दिसू लागली. बंटीचे हात खाली येईनात. ते दोन्ही बाजूंना तसेच तरंगत राहिले. सुमन हसून हसून चुलीपाशी खाली बसली. रुखमाबाईंनी दोघांभोवती फिरून सर्व बाजूंनी पाहिले आणि म्हणाल्या, "चांगलं केलं ईनबाई. आता हवा कोठून शिरते ते पायतो."

परंतु सकाळी असे दिसून आले की गाडीवर कोणी मावत नाही. बंटी टाकीवर बसला की गजाननरावांना त्याच्या कुंचीपलीकडचा रस्ता दिसेना. त्याला मागे घेतले, तर त्याने आणि प्रणिताने मिळून सगळी सीट व्यापली आणि भाजीच्या पोत्याला जागा उरली नाही.

"लेकरं नेऊ का वांगे?" गजाननराव गाडीभोवती फिरत म्हणाले.

"लेकरं ने," रुखमाबाई म्हणाल्या. "वांग्याले थंडी लागत नाई."

तेव्हापासून पोते मागून येणाऱ्या बसच्या टपावर जाऊ लागले आणि बाजाराला थोडा उशीर झाला तरी चालेल असे ठरले. मी हे योजलेले नव्हते. परंतु टाकी मोकळी झाली, गाडी हलकी झाली आणि ती वळणावर पूर्वीसारखी झोके खाईना. हेल्मेट रिकामे झाले. तरीही ते हँडललाच टांगलेले राहिले. ते डोक्यात गेले ते तिसऱ्या दिवशी. गावाच्या तोंडाशी एका हवालदाराने गाडी थांबवून तेलुगूत "एमिटि इदि?" म्हणजे हे काय आहे, असे मुलांकडे बोट दाखवून विचारले. "चली, सार," गजाननरावांनी सांगितले. तेलुगूत चली म्हणजे थंडी. हवालदाराने बंटीच्या पोटात कणीक पाहावी तसे बोट खुपसून पाहिले, आणि मग विचारले की मुलांना एवढी चली लागते तर बापाच्या डोक्याला कशी लागत नाही. हे सांगताना गजाननराव स्वतःच फार हसले. तेव्हापासून हेल्मेट घालू लागले.

बोथच्या वाटेवर

रविवारी आम्हाला बोथला गजाननरावांच्या मामांकडे जेवायचे आमंत्रण होते. सुमन आणि रुखमाबाई सकाळच्या बसने पुढे गेल्या. मी बसनेच जाणार होते. पण बंटीने माझी पिशवी धरून ठेवली. "आजी आमच्यासंग," एवढेच तो म्हणत राहिला, आणि मला नाही म्हणता येत नाही, हे आतापर्यंत वाचकांच्या ध्यानात आले असेल. मुले एकमेकांना चेपून बसली आणि त्यांच्यामागे कॅरिअरवर मला जागा झाली.

तो रस्ता मी विसरणार नाही. डाव्या हाताला सागाचे रान, पाने गळू लागलेली, त्यांतून ऊन चाळणीतून पडावे तसे पडलेले. मध्येच मोकळे शिवार, त्यात वेचणी करणाऱ्या बायांच्या ओट्यांत फुगलेला कापूस. आमच्या सह्याद्रीत डोंगर अंगावर येतो. इथे आकाशाला बसायला ऐसपैस जागा आहे. मला पहिल्यांदाच गाडीवर भीती वाटत नव्हती. मी गुणगुणत होते असे प्रणिता नंतर म्हणाली. मला ते आठवत नाही.

हमरस्ता सोडून आम्ही बोथकडे वळलो, तिथे वळणावर मुरूम पसरलेला होता आणि समोरून कापसाची बैलगाडी आली. गजाननरावांनी ब्रेक दाबला. गाडी फार वेगात नव्हती. एखादी म्हातारी कूस बदलते तशी ती सावकाश आडवी झाली आणि आम्ही चौघे मुरमावर उतरलो.

आधी बंटी दिसला. तो दोन कोलांट्या घेऊन बसता झाला होता, कुंची कपाळावर आलेली.

"बाबा," तो म्हणाला, "अजून एकडाव."

प्रणिता उभी राहून आपला उजवा गुडघा पाहत होती. जीन फाटली होती, त्यातून पिंजाऱ्याचा जास्तीचा कापूस बाहेर डोकावत होता. तिने बोट आत घातले, चाचपले, बाहेर काढले. बोट कोरडे होते.

बैलगाडीवाला उतरून आला. त्याने आधी मोटारसायकल उभी केली, मग मुलांना हात लावून पाहिला. "लेकरं हायेत का गाद्या?" तो म्हणाला. गजाननरावांच्या तळहाताला किंचित खरचटले होते; डोक्यावरचे हेल्मेट जागच्या जागी होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की माझ्या डाव्या कोपरातून रक्त येत आहे. दोन मुलांचे सगळे सांधे मी कापसाने मढवले होते, आणि स्वतः सुती ब्लाउज आणि शालीवर बसले होते.

गाडीवाल्याने आपल्या पाण्याने जखम धुतली. प्रणिता जवळ येऊन वाकून पाहू लागली.

"बाबा," ती म्हणाली, "आजीले थंडी लागली कोपराले."

गजाननरावांनी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या गुडघ्यातल्या कापसाकडे, मग माझ्याकडे.

"आत्याबाई, हे कपडे थंडीसाठी नोते ना?"

"नव्हते," मी म्हणाले. खरे बोलायला एवढा कमी वेळ लागतो, हे मला माहीत नव्हते.

त्यांनी खरचटलेला तळहात शर्टाला पुसला. "माग इथंच पडलो होतो आमी," ते मग म्हणाले. "म्हणजे इथं नाई, तामसीच्या फाट्यावर. मायच्या भेवानं मी बोललो नाई, अन् पोरीलेबी बोलू देलं नाई. रोज तिथून जातानी मी तिच्या गुडघ्याकडं पायत होतो." त्यांनी बंटीची कुंची नीट केली. "आता घरी काय सांगाचं?"

"थंडी लागली म्हणाचं," प्रणिता म्हणाली.

बोथ

मामांच्या अंगणात रुखमाबाई आमची वाट पाहत उभ्या होत्या. माझ्या कोपरावर गजाननरावांचा रुमाल बांधलेला होता.

"काय झालं ईनबाई?"

"थंडी लागली," मी म्हणाले. माझे कान तापले.

त्यांनी रुमालाकडे पाहिले. रुमालावर उमटलेल्या डागाकडे पाहिले. प्रणिताच्या गुडघ्यातून लोंबणारा कापूस त्यांनी चिमटीत धरला आणि हलकेच आत सारला. त्या घरातल्या सगळ्यांत शहाण्या व्यक्तीपासून आम्ही तिघे इतके दिवस काय लपवत होतो, ते मला त्या क्षणी दिसले आणि मी खाली पाहिले.

"तुमी काऊन नाई शिवलं तुमाले?" रुखमाबाई म्हणाल्या. एवढेच. मग आत जाऊन हळद घेऊन आल्या.

जेवणात अंबाडीची भाजी, गोळ्यांची कढी आणि मामींनी तेलुगू शेजारणीकडून शिकलेला चिंचेचा भात होता. बंटीने कोलांटीची हकिकत सर्वांना करून दाखवली. पाहुण्यांपैकी कोणीतरी "म्हणजे पडले का?" असे विचारले, तेव्हा रुखमाबाईंनीच उत्तर दिले, "नाई. थंडी लागली." पंगतीत कोणाला काही कळले नाही, आणि रुखमाबाईंसह आम्ही चौघे मात्र घास घशात अडकेपर्यंत हसलो.

सोमवारी सकाळी तामसीला धुक्यात गाडी उभी होती. मुले बसली. प्रणिता रुखमाबाईंकडे पाहत नव्हती. तिला वाटत होते की आता बसने जायला सांगतील. रुखमाबाई उंबरठ्यावर आल्या. त्यांनी फाटलेल्या गुडघ्यावर मी लावलेले ठिगळ हाताने दाबून पाहिले.

"गजानना," त्या म्हणाल्या, "फाट्यावर सावकास ने. वळणावर गाडी आली तर उभा राय. लेकराइले थंडी लागू देऊ नको."

उंबरठ्यावर उभे राहून, निघत्या पायांना, त्यांनी सगळे सांगितले होते, आणि पडण्याचे नाव घेतले नव्हते. पाय धुवावे लागले नाहीत. प्रार्थनाही बुडाली नाही.

परत आल्यावर

मी निघाले त्या दिवशी सर्वजण बसपर्यंत पोचवायला आले. रुखमाबाईंनी एका फडक्यात सोले बांधून दिले आणि माझ्या कोपराकडे पाहून म्हणाल्या, "जपा ईनबाई. तिकडंबी थंडी असन." साताऱ्याला येईपर्यंत मी त्या वाक्यावर अधूनमधून एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

मी इथेच थांबले असते, तर हा एक सुखाचा प्रवास होऊन गेला असता. परंतु चैत्रात प्रणिताचे पत्र आले. तिचे मराठी अक्षर तेलुगूसारखे गोल आहे.

"आजी, थंडी सरली," तिने लिहिले आहे. "आईनं कपडे लिंबाच्या पाल्यात घालून पेटीत ठेवले. बंटी बनियनवर येतो. मी फ्रॉकवर जाते. पोते अजून बसनेच जाते. बाबा सावकास चालवतात, पण ट्रकवाले सावकास चालवत नाईत. इथली आजी रोज उंबरठ्यावर येते अन् तोंड उघडते, पण आता काय म्हणाचं ते तिले सुचत नाई, मंग ती नुसती उभी राह्यते. माहा गुडघा उघडा आहे. उन्हाळ्यात पडाले काय म्हणतात ते लिहून पाठवा. लवकर पाठवा."

पत्र माझ्या मशीनवर ठेवलेले आहे. त्याच्या शेजारी दोन नवे जोड तयार आहेत. या वेळी कापड पातळ आणि फिकट घेतले आहे, वारा जाईल असे. कापूस फक्त गुडघे, कोपरे, खांदे आणि कंबर इथे घातला आहे, आणि एका विजारीच्या उजव्या गुडघ्यावर एक थर जास्त. पार्सल शिवून झाले, पत्ता लिहून झाला. नागपूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मुलांची हेल्मेटे शोधायलाही सांगून ठेवले आहे. राहिली आहे ती सोबतची चिठ्ठी. तिच्यात रुखमाबाईंना उंबरठ्यावर बोलता येईल असा एक शब्द हवा, आणि एकतीस वर्षे शब्दकोश जवळ बाळगूनही तो मला सापडत नाही.

शाळेला सुट्टी लागायला अजून काही दिवस आहेत. भर उन्हात मुलांनी गुडघे झाकून गाडीवर बसावे, यासाठी मी त्यांना काय कारण लिहू?